बस्त्याच्या गादीवर शिकलेलं ग्राहक-मानसशास्त्र

एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला ऐच्छिक विषय निवडायचे होते. वर्गातले बहुतेक जण समुपदेशनाकडे नाहीतर चिकित्सा मानसशास्त्राकडे वळले. मी ग्राहक वर्तन घेतलं. घरी फोनवर सांगितलं तर वडील म्हणाले, "म्हणजे मार्केटिंगच ना? मग एमबीएच करायचं होतंस." पुढे वर्षभर हाच प्रश्न जो तो विचारत राहिला, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

एमबीएतही हा विषय असतो, काही पुस्तकंही तीच असतात. फरक प्रश्नाचा आहे. तिथे विचारतात, माल खपेल कसा? आम्ही विचारायचो, समोरच्या दहा वस्तूंतली एक माणूस उचलतो तेव्हा त्याच्या मनात काय काय चाललेलं असतं? लक्ष, स्मृती, प्रेरणा, अभिवृत्ती हे बी.ए.ला पाठ केलेले सगळे धडे इथे पुन्हा भेटतात, आणि या वेळी ते चालत्याबोलत्या माणसांवर पडताळून बघता येतात. मला या विषयाची गोडी लागली ती यामुळेच.

या विषयाचा इतिहासही मला नवा होता. जाहिरातीच्या मानसशास्त्रावर वॉल्टर डिल स्कॉट यांचं पुस्तक १९०३ सालीच आलेलं होतं. वर्तनवादाचा जनक म्हणून ज्याच्यावर आम्ही बी.ए.ला दहा-दहा मार्कांची उत्तरं लिहिली, तो जॉन वॉटसन १९२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून बाहेर पडला आणि न्यूयॉर्कच्या जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेत कामाला लागला. हे बी.ए.च्या पुस्तकात कुठेच नव्हतं. मानसशास्त्र बाजारात उतरून शंभर वर्षं झाली, आणि आपण अजून त्याला फक्त दवाखान्याचा विषय समजतो याचं मला फार आश्चर्य वाटलं.

आमच्या मॅडम शिकवायच्या त्याची एक पद्धत होती. प्रत्येक गाजलेला प्रयोग त्या पूर्ण रंगवून सांगायच्या आणि मग विचारायच्या, "पुढं काय झालं, माहितीये?" पहिल्याच तासाला त्यांनी जेम्स व्हिकरी सांगितला. १९५७ मध्ये या गृहस्थाने जाहीर केलं की, सिनेमाच्या पडद्यावर डोळ्यांना कळणारही नाही इतक्या कमी वेळासाठी 'कोकाकोला प्या', 'पॉपकॉर्न खा' अशी वाक्यं दाखवली आणि विक्री वाढली. जग हादरलं. १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं की त्या दाव्यामागे धड माहितीच नव्हती. पण लोक आजही तो किस्सा खरा म्हणून सांगतात.

तीच गत जॅमच्या प्रयोगाची. शीना आयंगार आणि मार्क लेपर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात चव बघायला जॅमच्या बाटल्या मांडल्या, कधी २४ प्रकार, कधी फक्त ६. २४ प्रकारांपाशी गर्दी जास्त झाली, पण थांबलेल्यांपैकी साधारण ३ टक्क्यांनीच जॅम विकत घेतला. ६ प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. निबंध २००० सालचा. पर्याय वाढले की माणूस गोंधळतो, हे त्यानंतर सगळीकडे झालं. मग २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही परिस्थितींत माणूस गोंधळतो, काहींत जास्त पर्यायांनी उलट खूश होतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉनसिंक यांचं खाण्याच्या सवयींवरचं संशोधन तर आम्ही कौतुकाने वाचत होतो. ताट मोठं असेल तर माणूस जास्त खातो, अशा धाटणीचं. मॅडमनी पुढचं सांगितलं. २०१८ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत संशोधनातला गैरप्रकार सिद्ध झाला आणि त्यांचे कितीतरी निबंध मागे घेतले गेले. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही बराच वेळ कँटीनमध्ये बसून होतो. मग विश्वास ठेवायचा कशावर, असा सूर होता. मॅडमचं म्हणणं होतं की ही चूक उघडी पाडणारेही संशोधकच होते, ते काम शिका. म्हणून आकडेवारीच्या तासांना दांडी मारायची नाही, आणि गृहीतक आधी लिहून ठेवायचं, आकडे बघून नंतर नाही. ही शिस्त मला या विषयाने लावली.

प्रात्यक्षिकांत मला सगळ्यात आवडला तो मेसन हेअर यांचा १९५० चा खरेदीच्या यादीचा प्रयोग. हेअर यांनी किराणा सामानाच्या दोन याद्या केल्या. ब्रेड, गाजरं, बटाटे, डबाबंद पीच, सगळं अगदी सारखं. फरक एकाच ओळीचा. एका यादीत दळलेली कॉफी, दुसरीत नेसकॅफेची झटपट कॉफी. प्रत्येक बाईला एकच यादी दाखवून विचारलं, ही खरेदी करणारी बाई कशी असेल? झटपट कॉफीवाली आळशी आहे, तिला संसाराचं नियोजन जमत नाही, असं जवळजवळ निम्म्या बायकांनी लिहिलं. थेट विचारलं असतं तर 'चव आवडत नाही' एवढंच उत्तर मिळालं असतं.

आम्ही हाच प्रयोग मराठीत केला. एका यादीत आलं आणि लसूण, दुसरीत आलं-लसूण पेस्टचं पाकीट. बाकी तूरडाळ, गूळ, पोहे, शेंगदाणे, साबण सारखं. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या बायकांना एकेक यादी दाखवून उत्तरं आणली. आळशी हा शब्द फारसा कुणी वापरला नाही. 'नोकरी करत असेल', 'एकटी राहत असेल', 'घरी सासूबाई नसतील', अशी उत्तरं आली. एका आजींनी लिहून दिलं होतं, 'हिच्या घरी रोज पाहुणे असावेत, दमत असेल बिचारी.' पाकिटाच्या एका ओळीवरून बायकांनी एक आख्खं घर उभं केलं होतं, आणि त्या घरात कोण कोण राहतं हेही ठरवून टाकलं होतं. हेअर यांचा प्रयोग १९७० मध्ये पुन्हा केला गेला तेव्हा अमेरिकेतही तो आळशीपणाचा शिक्का उरला नव्हता. वस्तू तीच राहते, तिच्यावरून माणसाला जोखण्याची रीत काळाबरोबर बदलते. मला प्रबंधाची दिशा इथेच सापडली. एकट्या ग्राहकाचा अभ्यास करण्यापेक्षा घरासकट ग्राहकाचा करायचा.

आपल्याकडे घरासकट खरेदी बघायची असेल तर लग्नाचा बस्ता सोडून दुसरीकडे कुठे जायचं? मी सोलापूरची. मधल्या मारुतीच्या आसपास कापडाची जुनी दुकानं आहेत, लग्नसराईत तिथे मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडून जीप भरभरून माणसं येतात. नवरीचा शालू, हळदीची साडी, विहिणीच्या मानाची साडी, आत्या-मावश्या-करवल्यांच्या साड्या, आहेराच्या साड्यांचे गठ्ठे, पुरुषांचे टॉवेल-टोप्या, सगळं एका बैठकीत. दोन्हीकडची माणसं गादीवर मांडी घालून बसतात आणि तासन्‌तास उठत नाहीत.

गाईडना विषय पटला, पण त्यांनी विचारलं, "सिद्धान्त कुठला धरणार?" कुटुंबातल्या खरेदीवरचा सगळ्यात उद्धृत केला जाणारा अभ्यास म्हणजे हॅरी डेव्हिस आणि बेनी रिगो यांचा, १९७४ चा, बेल्जियममधल्या कुटुंबांवरचा. कुठली खरेदी नवरा ठरवतो, कुठली बायको, कुठली दोघं मिळून आणि कुठली ज्याची तो, असे चार कप्पे त्यांनी पाडले. विमा नवऱ्याकडे, स्वयंपाकघर बायकोकडे, असं. माझ्या बस्त्यात नवरा-बायको हे दोघं तर बहुतेक वेळा कोपऱ्यात गप्प बसलेले असतात. ठरवणारी माणसं भलतीच. तेव्हा ते चार कप्पे घेऊन निघायचं आणि त्यांत काय मावत नाही ते बघायचं, असं ठरलं.

आधी प्रश्नावली केली. पाच पायऱ्यांची, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. ओळखीच्या काही घरांत पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, घेतला. सगळ्या नवऱ्या मुलींनी 'साडी निवडताना माझ्या मताला महत्त्व होतं' यापुढे सहमत अशी खूण केली. सासूबाई शेजारी बसून कागदात डोकावत असताना दुसरी कुठली खूण होणार? पायलट असतो तो यासाठीच. प्रश्नावली बाजूला ठेवली आणि निरीक्षण व नंतर एकटीशी सविस्तर मुलाखत, अशी पद्धत पक्की केली.

परवानगी मिळवणं हे वेगळंच काम होतं. काही दुकानदारांना मी दुसऱ्या दुकानाची माणूस वाटले. जे तयार झाले त्यांनी विचारलं, "यातनं आम्हाला काय कळणार?" आमच्या संमतिपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की एखाद्या घराबद्दलची माहिती दुकानाला दिली जाणार नाही. मी ते वाचून दाखवलं. एका दुकानाचे मालक थोडा वेळ विचारात पडले, मग म्हणाले, "बरोबर आहे, गिऱ्हाइकाच्या घरातलं आपण कशाला विचारायचं?" प्रत्येक कुटुंब आलं की आधी त्यांना मी कोण, इथे का बसलेय ते सांगायचं, हो म्हणाले तरच वही उघडायची. नाही म्हणणारे थोडे होते. बहुतेकांनी चहाचा कप माझ्याही हातात दिला.

त्या दुकानात साड्या दाखवणारे एक वयस्कर काका होते. मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही भाषा सफाईने बोलायचे, त्याप्रमाणे समोरची बाई ताई व्हायची, अक्का व्हायची. पहिल्या दिवशी मी नवरीच्या चेहऱ्यावरच नजर लावून बसले होते. काका घडी मोडता मोडता हळूच म्हणाले, "पोरी, नवरीकडं बघू नकोस. साडी उघडली की बाकीची कुणाकडं बघत्यात ते बघ." मी बघितलं. पदर पसरला की क्षणभर सगळ्या नजरा एकाच बाईकडे जात होत्या. ती कधी आत्या असायची, कधी थोरली जाऊ. ती काही बोलायचीही नाही, नुसता काठ अंगठा आणि बोटात धरून चोळून बघायची, साडी उलटी करून मागचे दोरे बघायची. तिने साडी बाजूला सरकवली की विषय संपला. माझ्या निरीक्षणाच्या तक्त्यात 'नजर कुणाकडे' हा रकाना त्या दिवशी आला आणि पुढे सगळ्यात जास्त तोच कामाला आला.

काका शालू आधी काढायचे, आहेराच्या साड्या शेवटी. का, विचारलं तर म्हणाले, "मोठा आकडा एकदा ऐकला की मागचं सगळं हलकं वाटतं." डॅनिएल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये जो आधारबिंदूचा परिणाम मांडला, तो या माणसाला गादीवर बसून कळलेला होता. पण पुस्तकातलं सगळंच असं जुळत नव्हतं. याच दोघांचा १९८१ चा एक प्रश्न प्रसिद्ध आहे. १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर ५ डॉलर वाचणार असतील तर वीस मिनिटं गाडी चालवून दुसऱ्या दुकानात जायला ६८ टक्के लोक तयार होतात, आणि १२५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर तेच ५ डॉलर वाचणार असतील तर फक्त २९ टक्के. बस्त्यात वरवर तसंच दिसतं. शालूवर हजार-दोन हजार जास्त गेले तर कुणी हूं की चूं करत नाही आणि आहेराच्या साडीवर पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस चालते. मुलाखतीत एका मावशींनी मला हिशेब समजावून सांगितला. आहेराच्या साड्या साठ-सत्तर लागतात, पन्नासाला साठाने गुणा. शिवाय शालूच्या भावात घासाघीस केली तर पुढे 'सुनेच्या शालूला हात आखडला' हे आयुष्यभर ऐकावं लागतं. पैशांचा हिशेब आणि नात्यांचा हिशेब त्या दोन्ही डोक्यात धरून बसल्या होत्या. अशा बाईच्या निवडीला तर्कदोष म्हणायचं मला धाडस झालं नाही, आणि प्रबंधात मी तसं म्हटलंही नाही.

आता ज्या बैठकीवर माझा आख्खा प्रबंध उभा राहिला ती सांगते. नवरी गप्प होती. मुलाकडच्यांनी लाल शालू बाजूला काढून ठेवला होता, विहीणबाईंना तोच पसंत होता. शेजारी एक मोरपंखी पडलेला होता. नवरीला दोन-तीनदा विचारलं गेलं, "आवडला ना गं?" दर वेळी ती म्हणाली, "चालेल." पण तिचा डावा हात मोरपंखीच्या पदरावर होता. कुणी साडी उचलली की हात काढायची, साडी परत खाली आली की हात परत तिथेच. मी हे वहीत लिहीत होते तोवर तिची मामी म्हणाली, "विहीणबाई, लाल छानच आहे, पण आमच्या पोरीचा रंग सावळा, तिला मोरपंखी खुलतो. लाल हळदीनंतरच्या पूजेला घेऊ." विहीणबाईंनी मोरपंखी नवरीच्या खांद्यावर टाकून बघितला आणि मान हलवली. दोन्ही साड्या आल्या.

मला वाटलं, मामीला तो हात दिसला असणार. नंतर नवरीची एकटीची मुलाखत घेतली तेव्हा ती म्हणाली, "हात कसला ताई, मी मामीला घरीच सांगून ठेवलं होतं. लाल नको म्हणून. मी स्वतः बोलले असते तर पहिल्याच दिवशी तोंडाळ ठरले असते." दुकानात जिला मी मुकी समजत होते तिने सगळी आखणी आधीच केलेली होती. त्यानंतर प्रत्येक मुलाखतीत मी विचारू लागले, तुमच्या वतीने बोलणारं कुणी होतं का? पुष्कळ मुलींकडे होतं. मामी, थोरली बहीण, एका ठिकाणी तर मुलाकडची करवलीच, जिच्याशी नवरीचं व्हॉट्सअॅपवर आधीच साटंलोटं झालेलं. आवड एकीची आणि आवाज दुसरीचा. डेव्हिस आणि रिगो यांच्या चार कप्प्यांत या बाईला जागा नाही, आणि दुकानाच्या दारात उभं राहून 'निर्णय कोणी घेतला' असं विचारणाऱ्या कुठल्याही पाहणीत ती सापडणार नाही. आपल्याकडचा ग्राहक समजून घ्यायचा तर या मधल्या बाईला आधी शोधा, एवढंच माझ्या प्रबंधाचं म्हणणं आहे आणि ते मी आजही ठामपणे मांडते.

नोंदींचं विश्लेषण हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम. मुलाखती ऐकून शब्दशः उतरवायच्या, मग ओळ न्‌ ओळ वाचून संकेत, म्हणजे आशय सांगणारी छोटी नावं, द्यायचे, संकेतांतून आशयसूत्रं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे, काढायची. ब्राऊन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पायऱ्यांनी गेले. माझ्या वर्गमैत्रिणीने काही नोंदी माझे संकेत न बघता स्वतंत्रपणे तपासल्या आणि आमचं किती जुळतं ते 'कोहेनचा कप्पा' या संख्याशास्त्रातल्या मापाने काढलं. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "हे समाजशास्त्र नाही का?" मी म्हटलं, रीत समाजाची आहे, पण नजर, हात, गप्प राहणं आणि आधी ठरवून ठेवणं हे त्या मुलीचं मन आहे. त्यांनी पुढे बराच वेळ कप्पाबद्दल विचारलं, आणि ती तयारी होती म्हणून बरं झालं.

नोकरीचं बोलायचं तर या विषयाला आज मागणी आहे. बाजार संशोधन संस्था घेतात, अॅप बनवणाऱ्या कंपन्या वापरकर्त्यांच्या संशोधनासाठी घेतात. नोकरीच्या मुलाखतींत मला एक प्रश्न हमखास आला. खरेदी अर्धवट सोडून जाणाऱ्याला थांबवाल कसं? 'फक्त दोनच शिल्लक' अशी पाटी लावून, हे सोपं उत्तर आहे. ती पाटी खोटी असेल तर ते कायद्यात बसत नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई, न विचारता टोपलीत वस्तू घुसवणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणं, सगळं त्यात आहे. यातला प्रत्येक प्रकार कुठल्या ना कुठल्या मानसशास्त्रीय निष्कर्षावर उभा आहे. म्हणजे हा विषय शिकलेल्या कुणीतरी बसून तो रचलेला असतो. मला या ज्ञानाची दुसरी बाजू हवी होती, म्हणून मी आता ग्राहकांच्या तक्रारींचा अभ्यास करणाऱ्या गटात काम करते. पगार कमी आहे. माझ्या वर्गातल्या एकाने मुंबई ग्राहक पंचायतीवर प्रबंध केला होता, १९७५ पासून तिचे सभासद गट करून एकत्र मागणी नोंदवतात आणि माल आपापसांत वाटून घेतात. दुकानाशिवाय खरेदी कशी दिसते हे बघायला तोही विषय फार चांगला आहे, कुणाला पुढे न्यायचा असेल तर जरूर घ्या.

ज्यांना हा विषय घ्यायचाय त्यांनी संख्याशास्त्राची भीती सुट्टीतच घालवावी. हेअर यांचा मूळ निबंध मिळवून वाचावा, छोटा आहे आणि भाषा सोपी आहे. आणि दुकानात बसायची परवानगी मागायला लग्नसराई सुरू व्हायच्या आधी जा, तेही दुपारी, जेवणं झाल्यावर. ऐन सराईत शनिवार-रविवारी मालकांना मान वर करायला फुरसत नसते, आणि घाईत दिलेला होकार दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षातही राहत नाही.